गाणी लावून अभ्यासाला बसता? या चुका टाळा

परवा थकबाकीचं पत्र टाइप करत होते. लिहायचं होतं ‘आपल्याकडून येणे बाकी’, आणि पडद्यावर उमटलं ‘आपल्याकडून येणे चांदणे’. हेडफोनमधल्या गाण्यात नेमकं तेव्हाच चांदणं पडलं होतं! पाठवण्याआधी लक्षात आलं म्हणून वाचले.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच: शब्दांचं काम चालू असताना शब्दांचं गाणं लावणं. वाचताना, लिहिताना, पाठ करताना आपण मनातल्या मनात बोलत असतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये कार्यकारी स्मृतीची, म्हणजे काम चालू असताना लागेल तेवढं तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, मांडणी केली. तिच्यात या मनातल्या आवाजाला वेगळी जागा आहे. ती जागा अगदी लहान. गाण्याचे बोलही तिथेच घुसतात. बॅडली यांच्याच पुढच्या प्रयोगांत लोकांना आकडे दाखवून त्याच क्रमाने आठवायला सांगितलं, तेव्हा वाद्यसंगीतापेक्षा गायलेल्या संगीताने जास्त गोंधळ घातला. ‘मला ती भाषा कळतच नाही’ ही पळवाटही पुरती चालत नाही. अशा कामात न कळणारं बोलणंसुद्धा आड येतं.

‘पण माझं आवडतं गाणं मला त्रास देत नाही.’ देतं. 2011 च्या एका अभ्यासात आवडतं आणि नावडतं, दोन्ही प्रकारच्या संगीतात क्रम लक्षात ठेवण्याचं काम शांततेपेक्षा वाईटच झालं. आवडीच्या गाण्याने बसणं सुसह्य होतं, एवढं खरं. चार तास बसलो म्हणजे चार तास अभ्यास झाला, असं आपणच धरून चालतो. सोपी परीक्षा घ्या. सारख्याच अवघड दोन धड्यांपैकी एक गाणं लावून वाचा, एक शांततेत. प्रत्येक धड्यानंतर पुस्तक मिटून आठवेल ते कागदावर उतरवा. दोन कागद शेजारी ठेवले की निकाल दिसतो. एका दिवसावर जाऊ नका, आठवडाभर करा.

मोत्सार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकल्याने बुद्धी वाढते, हा समज अजून जिवंत आहे. त्यामागचा 1993 चा प्रयोग केवढा होता? 36 महाविद्यालयीन विद्यार्थी, 10 मिनिटांचं संगीत, आणि आकृत्यांच्या कोड्यांत दिसलेला फायदा जेमतेम 10-15 मिनिटं टिकलेला. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. तरीही 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बालकांना शास्त्रीय संगीत वाटायला सरकारी पैसा मागितला! पुढच्या संशोधनात उलगडा झाला तो साधाच: उत्साही संगीताने मन तरतरीत होतं, आणि तरतरीत मन कोडी जरा बरी सोडवतं. म्हणजे संगीत आधी ऐकावं. दहा मिनिटं ऐका, बंद करा, मग पुस्तक उघडा.

आजूबाजूला गप्पा चालू असतील तर? त्या बुडवायला लोक मोठ्याने गाणी लावतात. एक अडथळा काढून दुसरा आणल्यासारखंच ते. लक्ष मोडतं ते मुख्यतः सतत बदलणाऱ्या आवाजाने. एकसुरी आवाजाची सवय होते. पंख्याची घरघर किंवा पावसाचं रेकॉर्डिंग त्यापेक्षा बरं, तेही हळू. प्रौढांच्या कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने आखलेली मर्यादा आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल अशी आहे.

आणि कृपा करून दर तिसऱ्या मिनिटाला गाणं बदलू नका. त्यापेक्षा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

भांडी घासणं, कपड्यांच्या घड्या, फायली लावणं असल्या हाताच्या कामांना यातलं काही लागू नाही. तिथे खुशाल गाणी लावा.

गाणं बंद केलं तरी एकच ओळ डोक्यात फिरत राहिली, तर च्युइंगम चघळून पाहा. थट्टा नाही. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं, की चघळताना डोक्यात अडकलेलं गाणं कमी वेळा वर येतं. मनातल्या मनात गातानाही आपण जबड्याची, ओठांची यंत्रणा थोडीफार वापरतो. ती दुसऱ्या कामाला लावली की गाणं अडखळतं. चांदण्याच्या त्या ओळीवर मी तोच उपाय केला.