आधी हवा, मग रंग: घरच्या गॅरेजमध्ये पद्मिनी रंगवण्याची तयारी

स्प्रे गनवर हात महिनाभराच्या सरावाने बसतो. घरी रंगवलेल्या गाड्या बिघडतात त्या हवेने. कॉम्प्रेसरमधून पाणी घेऊन येणारी हवा, गॅरेजमध्ये धूळ आणि दमटपणा खेळवणारी हवा आणि रंगवणाऱ्याच्या छातीत जाणारी हवा, या तिन्हींचा बंदोबस्त झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडण्यात अर्थ नाही. समोर गाडी धरली आहे ती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११०० डिलाइट म्हणून निघणारी आणि १९७४ पासून पद्मिनी नावाने ओळखली जाणारी ही गाडी चार मीटरच्या आत मावते, त्यामुळे बंगल्याच्या एकगाडी गॅरेजमध्येही तिच्या दोन्ही अंगांना हातभर जागा उरते. तेवढी लागतेच. कोपर भिंतीला लागला की गन तिरकी होते आणि पट्टा एका बाजूला जाड बसतो.

पहिला निर्णय रंगाच्या जातीचा, आणि तो खिशावर नाही तर मास्कवर ठरवावा. हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घालून मारायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग ऊन सोसतो, पेट्रोल सांडलं तरी डागत नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते घातक प्रमाणात असलं तरी वास येत नाही, आणि शरीराला एकदा त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दमा उसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा एन-९५ इथे निरुपयोगी. कार्ट्रिजचा मास्क थिनरची वाफ अडवतो, पण कार्ट्रिज संपल्याचं नाकाला कळायला वास लागतो, आणि इथे तोच नाही. पीयूसाठी खरं साधन म्हणजे बाहेर ठेवलेल्या, श्वासासाठीच बनवलेल्या वेगळ्या पंपातून ताजी हवा आणणारा पूर्ण चेहऱ्याचा मास्क. गनचा तेलवाला कॉम्प्रेसर त्याला जोडायचा नाही. त्यातून तेलाचे कण येतात आणि पंप तापला तर कार्बन मोनॉक्साइडही. असा मास्क जमत नसेल तर घासाई, पुट्टी आणि इपॉक्सीपर्यंतचं (उघड्या पत्र्यावरच्या प्रायमरपर्यंतचं) काम घरी करावं, पीयूचं सर्फेसर (रंगाखालचा, घासून सपाट करायचा थर) आणि वरचा रंग बंद रंगखोलीवाल्या, म्हणजे बूथवाल्याकडून मारून घ्यावा. घरीच मारायचा हट्ट असेल तर ड्यूको, म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आहे. त्याला सहा-आठ हात, म्हणजे थर लागतात, बफिंगशिवाय तो उजळत नाही, चांगला कार्ट्रिजचा मास्क त्यालाही लागतो आणि तो पेटतोही लवकर. मात्र चूक झाली तर दुसऱ्या दिवशी घासून पुन्हा मारता येतो, आणि जुन्या गाडीवर तो खोटा वाटत नाही. वर क्लिअरकोट, म्हणजे पारदर्शक थर चढवलेली पद्मिनी मात्र काचेच्या खेळण्यासारखी दिसते.

कागदाचं काम डबा घेण्याआधी उरकावं. आरसीवर रंगाचा रकाना असतो. मूळ रंग बदलायचा असेल तर आरटीओकडे नोंद करावी लागते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तो विचार असेल तर मूळ रंगालाच धरून राहावं. मूळ छटा मागच्या सीटखालच्या पत्र्यावर किंवा डिकीतल्या मॅटखाली सापडते, जिथे ऊन पोचलेलं नसतं. तिथला हातभर भाग कंपाउंडने उजळावा आणि मगच मिक्सिंगवाल्याला दाखवावा, नाहीतर तो मळाची छटा जुळवून देतो. पिवळा निवडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: पिवळ्या रंगाची झाकण्याची ताकद कमी असते. खाली करडं सर्फेसर असेल तर चौथ्या हातानंतरही तो मळकट दिसतो. खाली पांढरं किंवा फिकट सर्फेसरच हवं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचं छप्पर पिवळं होतं. त्यातली शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

सामान एकदाच आणावं. अर्ध्यात थिनरसाठी पळापळ झाली की दोन हातांमधला वेळ चुकतो. बाहेरून, दारांच्या चौकटी, बॉनेटखाली आणि डिकीत असा सगळा साधा रंग धरला तर पीयूचा तीन लिटर रंग, दीड लिटर हार्डनर आणि पाव-अर्धा लिटर थिनर मिळून पावणेपाच-पाच लिटर मिश्रण होतं, तेवढं पुरतं. हे २:१ च्या रंगाचं गणित आहे. डब्याबरोबरच्या पत्रकात दुसरं प्रमाण असेल तर तेच पाळावं. इपॉक्सी प्रायमर दोन लिटर, सर्फेसर तीन लिटर (दोन्ही मिश्रण करून), गन धुवायला वेगळं स्वस्त थिनर पाच लिटर. मास्किंग टेपचे दहा रोल, त्यातही चांगल्या कंपनीचेच. स्वस्त टेपचा गोंद उन्हात पत्र्यावर राहतो. ८०, १८०, ३२० चे सुके पेपर, ४००, ६०० आणि ८०० चे वॉटर पेपर, लांब घासपट्टी, मापाचे कप, वीस गाळण्या, चार टॅक रॅग (धूळ टिपायची चिकट फडकी), नायट्राइल हातमोज्यांचा एक खोका. वर्तमानपत्राने मास्किंग करू नये. थिनर त्यातून पाझरतो आणि काचेवर शाई उतरते.

गाडी उघडताना बॅटरी आणि पेट्रोलची टाकी आधी काढावी. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त भडकते, कारण आत वाफ असते; ती गॅरेजमध्ये ठेवूच नये. बंपर, क्रोमच्या पट्ट्या, हँडल, दिवे, काचांचे रबर सगळं निघालं पाहिजे. रबराच्या कडेला टेप मारून रंगवलेली गाडी दोन पावसाळ्यांत तिथूनच सुटते. काढलेल्या प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, वर नाव लिहून.

मग धुणं, आणि ते घासण्याच्या आधी. गाडीवर वर्षानुवर्षं पॉलिश चढलेलं असतं, त्यातलं सिलिकॉन आधी न काढता पेपर मारला तर ते ओरखड्यांत भरलं जातं आणि वरच्या रंगाला गोल गोल खड्डे पडतात, त्यालाच फिश आय म्हणतात. साबणपाणी, मग ग्रीस रिमूव्हर. एका फडक्याने लावायचं, ओलं असतानाच दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपायचं. त्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवू नये. डोक्याला खोबरेल लावून आलेल्या मदतनिसाने बॉनेटवर हात टेकला की बोटांच्या जागी रंग पळालेला दिसतो. डॅशबोर्डचे आणि टायरचे चकचकीत स्प्रे त्या आठवड्यात गॅरेजच्या आसपासही उघडू नयेत.

जुना रंग कोणता हे थिनरच्या बोळ्याने कळतं. मिनिटभर दाबून धरल्यावर रंग बोळ्यावर उतरला तर तो एनसी किंवा कच्चा एनॅमल. त्यावर पीयू मारला तर खालचा थर फुगून सुरकुत्या पडतात, म्हणून पत्र्यापर्यंत उतरवावं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो सुका न घासता ओला घासावा. सिल (दारांखालचा पत्रा), दारांचे तळ, चाकांच्या कमानी आणि डिकीतला स्टेपनीखालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहावा. टोक आत गेलं तर तिथे पुट्टी नको, नवा पत्रा. उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सीने झाकावा; मुंबईत आणि कोकणात सकाळी चकाकणारा पत्रा संध्याकाळी तांबूस होतो. रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) वापरला असेल तर त्याचं आम्ल पूर्ण धुऊन, सुकवूनच इपॉक्सी, नाहीतर तो धरत नाही.

पुट्टी तीन मिलिमीटरच्या वर नको, आणि हार्डनर दोन टक्के: शंभर ग्रॅम पुट्टीला दोन ग्रॅम. लवकर सुकावी म्हणून जास्त पिळला तर महिन्याभराने वरच्या रंगात पिवळट डाग उमटतात. पॉलिस्टर पुट्टी पाण्याने घासायची सवय आपल्याकडे जागोजाग आहे आणि ती चुकीची आहे. पुट्टी पाणी पिते, ते वरच्या थरांखाली अडकतं, आणि उन्हाळ्यात फोड येतात. पुट्टी सुकीच घासावी, वॉटर पेपर सर्फेसरवर. सर्फेसर मारल्यावर घाई न करता निदान दोन-तीन दिवस बसू द्यावं. थिनर निघून गेल्यावर ते आकसतं, आणि ते आकसणं रंगाखाली झालं तर पेपरचे ओरखडे वर दिसू लागतात. मग काळ्या रंगाचा हलका फवारा मारून ४०० ने लांब पट्टीवर घासावं. काळे ठिपके राहिले तिथे खळगा. शेवट ६०० ने.

आता कॉम्प्रेसर. साधारण एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गन मिनिटाला दहा-बारा घनफूट हवा मागते. दोन एचपीचा कॉम्प्रेसर पाच-सहाच्या पुढे जात नाही. छप्पर अर्धं झालं की दाब पडतो आणि रंग रवाळ बसायला लागतो. तीन एचपी, दीड-दोनशे लिटरची टाकी, किंवा मग कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन, १.३ चं नोझल. तीन एचपीची मोटर चालताना चौदाएक अँपिअर आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते, म्हणून मीटरपासून वेगळी जाड वायर. एक्स्टेंशन बोर्डावर मोटर नुसती गुरगुरते आणि जळते. दाब गनपाशी, ट्रिगर ओढलेला असताना मोजावा. नळीत पाच-दहा पीएसआय सहज हरवतात.

पाण्याचं गणित एकदा करून ठेवावं. २८ अंश आणि ६० टक्के दमटपणाला एका घनमीटर हवेत सोळा ग्रॅम पाणी असतं. मिनिटाला दहा घनफूट म्हणजे तासाला सतरा घनमीटर. हवा दाबली आणि थंड झाली की त्यातलं बहुतेक पाणी सुटतं: तासाला जवळजवळ पाव लिटर. ते टाकीत आणि ट्रॅपमध्ये राहिलं नाही तर बॉनेटवर येतं. वॉटर ट्रॅप कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बसवणं ही नेहमीची चूक; तिथे हवा गरम असते, पाणी वाफ होऊन आरपार जातं आणि पुढे नळीत थंड होऊन थेंब बनतं. आधी दहाएक मीटर नळी किंवा पाइप, मग ट्रॅप, मग गनपर्यंत छोटी नवी नळी. टाकीखालचा नळ काम सुरू करण्याआधी आणि दर अर्ध्या तासाने उघडावा. खात्री करायची तर स्वच्छ आरशावर वीतभर अंतरावरून मिनिटभर नुसती हवा मारावी आणि आरसा उजेडाकडे तिरका धरावा. बारीक दव दिसलं तर पाणी. बोट फिरवल्यावर इंद्रधनुषी झाक राहिली तर तेल. दोन्हींपैकी काही दिसलं तर त्या दिवशी रंग नाही.

खोलीला भिंती आणि छत धरून प्लास्टिक लावावं. पंखा आतली हवा ओढून बाहेर टाकणारा नको: तो दाराच्या फटींतून धूळ आत खेचतो आणि थिनरची वाफ मोटरच्या ठिणगीवरून जाते. बारा इंची एक्झॉस्ट फॅन उलटा, बाहेरची हवा फिल्टरमधून आत ढकलणारा बसवावा आणि समोरच्या टोकाला खाली फिल्टर लावून वाट ठेवावी. बाहेर जाणारी हवा शेजाऱ्याच्या गाडीवर किंवा वरच्या गॅलरीत जात नाही ना, ते उदबत्तीच्या धुराने आधीच पाहून घ्यावं आणि उदबत्ती रंगाच्या दिवशी घरातच ठेवावी. इन्व्हर्टर, स्कूटर, सिलिंडर, गॅस गिझर, फ्रिज यांतलं काहीही त्या खोलीत किंवा भिंतीपलीकडच्या उघड्या दारात नको. दिवे प्लास्टिकच्या मागे, कमरेच्या उंचीवर, दोन्ही बाजूंनी. वरच्या ट्यूबलाइटवर दारांचा खालचा भाग कोरडा राहिला ते दिसतच नाही. बटणं बाहेर. दाराशी सहा किलोचं पावडरचं अग्निशामक.

महिना निवडताना देशावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वेळ अकरा ते तीन. सकाळी हवा उबदार होते पण रात्रभर गारठलेला पत्रा मागे राहतो: २८ अंश, ७० टक्के दमटपणाला दवबिंदू २२ अंश असतो, म्हणजे २० अंशांचा पत्रा घामेजणारच. पत्रा दवबिंदूच्या तीन अंश तरी वर हवा. ड्यूकोवर येणारी पांढुरकी झाक याच दमटपणाची, थिनर उडताना पत्रा आणखी गार होतो म्हणून. विदर्भात मेमध्ये उलट अडचण: रंग पत्र्यापर्यंत पोचायच्या आत सुकतो, स्लो थिनर लागतं. आणि संध्याकाळ कुठेही नको. दिवा दिसला की चिलटं येतात. एखादं ओल्या रंगात बसलंच तर बोट लावू नये. पूर्ण सुकल्यावर १५०० च्या पेपरने निघतं.

आदल्या दिवशी चौकटी, बॉनेटची आतली बाजू आणि डिकी रंगवून टेपने बंद केलेली असावी. छपराच्या पन्हळीत, बिजागऱ्यांत, पट्ट्यांच्या भोकांत अडकलेलं पाणी हवेने फुंकून काढावं आणि रात्रभर सुकू द्यावं. रंगाच्या दिवशी तासभर आधी जमिनीवर हलकं पाणी शिंपडावं, अंगात लोकरी स्वेटर नको, टॅक रॅग वजन न देता फिरवावी. कागदावर गन तपासावी: वीतभर अंतरावरून फवाऱ्याचा पट्टा वीतभर उंच, मधे आणि टोकांना सारखा. मग एअर कॅप (गनच्या तोंडावरची हवेची टोपी) नव्वद अंशांत फिरवून पट्टा आडवा करावा आणि ओघळ येईपर्यंत जागेवर धरावा. ओघळ सारख्या लांबीचे उतरले तर गन साफ आहे, मधेच एक लांब आला तर कॅपचं भोक बुजलंय.

कपावर हार्डनर घातल्याची वेळ टेपवर लिहून चिकटवावी, कारण तीस अंशांच्या उष्णतेत मिश्रण वापरण्याचा पत्रकावरचा अवधी बराच कमी होतो. गन धुवायचं थिनर डब्यात ओतून दाराबाहेर तयार, आणि तिथेच एक माणूस बसलेला, ज्याला पंख्याचं, कॉम्प्रेसरचं आणि मेनचं बटण कुठे आहे ते माहीत आहे. मास्क शेवटचा हात संपल्यावर नाही, खोलीच्या बाहेर आल्यावर काढायचा, आणि पंखा त्यानंतरही चालू ठेवायचा.