मेंदूला मार लागलेलं मूल रिहॅबमध्ये आहे? या चुका टाळा

रिहॅब वॉर्डात सगळ्यात जास्त होणारी चूक मायेपोटीच होते. पोरगं चमचा धरायला धडपडतंय, अर्धं सांडतंय, बघवत नाही म्हणून आई पटकन भरवून टाकते. पण ती धडपड म्हणजेच थेरपी आहे हो! मेंदू परत परत करूनच शिकतो, सेशनमध्ये शिकवलेलं उरलेल्या दिवसात वापरलंच नाही तर टिकणार कसं? बऱ्याच ठिकाणी वीफिम नावाचा स्कोअर काढतात, त्यात खाणं, कपडे, चालणं, बोलणं, आठवण अशा 18 गोष्टी असतात, प्रत्येकीला 1 ते 7 मार्क, आणि मार्क ठरतात ते मदत किती लागली त्यावरून. म्हणून आधी थांबा, मग फक्त अडलं तेवढाच हात द्या.

नुसता टोटल स्कोअर बघून खूश होऊ नका. चालणं बऱ्याचदा आधी सुधारतं आणि मग सगळे म्हणतात झालं बरं, पण लक्ष, आठवण, राग आवरणं हे मागेच राहिलेलं असतं. "लहान आहे, भरून निघेल" हे तर अर्धवट खरं आहे, कारण मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, तिथे मार लागला असेल तर अडचण कधीकधी काही वर्षांनी, अभ्यास वाढल्यावर दिसते.

मूल चिडतंय, ओरडतंय तर ते हट्टीपणा करतंय असं समजून रागावू नका. टीव्ही बंद करा, भेटायला येणारे कमी करा, एका वेळी एकानेच आणि छोट्या वाक्यात बोला. काल जमलेलं आज जमत नसेल तर झोप, दुखणं, पोट साफ न होणं, ताप, बदललेलं औषध हे आधी तपासा. पण जास्त गुंगी, उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा फिट आली तर वाट बघू नका, लगेच नर्सला बोलवा.

गिळायची तपासणी झाल्याशिवाय लपून घोटभर पाणीसुद्धा नको, ते फुफ्फुसात जाऊ शकतं.

शेजारच्या बेडशी तुलना नकोच. डोक्याला मार लागणं वेगळं, बुडून ऑक्सिजन कमी पडणं वेगळं, दोघांचा वेग सारखा नसतो.

आणि शाळेचं डिस्चार्जनंतर बघू म्हणून ठेवू नका, आधीच शिक्षकांशी बोला, सुरुवातीला अर्धा दिवस, मधे विश्रांती, पेपरला जास्त वेळ, हे सगळं टीमकडून लेखी घ्या.