झोपेत अंग जखडलं, छातीवर कोणीतरी बसलं, तर काय करायचं

काल रात्री तुम्हाला हे झालं असेल आणि आज अंथरुणात जायचीच भीती वाटत असेल तर आधी एवढं ऐका, तुमचं डोकं फिरलेलं नाही, लकवा मारलेला नाही, आणि यात जीव जात नाही. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. काही सेकंद, फार तर काही मिनिटं टिकतं आणि आपोआप सुटतं, दर वेळी सुटतं. मला आठ वर्षांत तीस-चाळीस वेळा तरी झालंय. पहिली दोन वर्षं मला हे कुणी सांगितलंच नव्हतं आणि ती दोन वर्षं मी नुसती भीतीत काढली, म्हणून बसून सगळं लिहितोय.

माझं सुरू झालं गोव्यात कुंडईला एका औषधांच्या कारखान्यात शिफ्टला लागल्यावर. दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. नाइट संपवून सकाळी डिचोलीला घरी यायचो, आंघोळ, नाष्टा, की खिडकीला चादर लावून उताणा पडायचो. एक दिवस अकराच्या सुमारास डोळे उघडले, आत आई आदोळीवर (विळीवर) खोबरं खवत होती तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता, तिला हाक मारायची होती आणि ओठच हलेनात. दारात एक उंच माणूस उभा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, तोंड दिसत नव्हतं. तो चालत आला असं दिसलंच नाही, आधी दारात होता आणि मग माझ्या छातीवर होता. सुटलो तेव्हा बनियन घामानं भिजलेलं. आई धावत आली, "कितें जालें रे तुका?" मला सांगता येईना.

आजीनं वर्णन ऐकलं आणि लगेच म्हणाली, देवचार तो, म्हणजे गावाची राखण करणारा. "आमचो राखणदार, तो कोणाचें वायट करिना, तुवेंच वाटेर कितें तरी केलां आसतलें." लहानपणापासून तिच्याच तोंडून मी घोंगडी आणि काठीवाला देवचार ऐकला होता. नंतर कारखान्यात विषय निघाला तेव्हा सासष्टीचा एक मित्र म्हणाला त्यालाही होतं, पण त्याला पलंगाच्या कडेला पांढऱ्या कपड्यातली बाई दिसते. छातीवरचं वजन तेच, खोलीत कोणीतरी आहे ही खात्री तीच, हलता न येणं तेच. फक्त तोंड वेगळं. जपानात याला कानाशिबारी म्हणतात, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी चेटकीण येऊन बसते म्हणतात. अंगाला होतं ते जगभर एकच, आणि त्याला रूप आपापल्या गावच्या गोष्टींतून मिळतं. हे समजलं त्या दिवशी माझी अर्धी भीती गेली.

आता हे होतं कसं ते समजून घ्या, कारण त्या क्षणी हेच उपयोगी पडतं. झोपेचा एक टप्पा असतो आरईएम, त्यात डोळे पापणीखाली भराभर फिरतात आणि जिवंत वाटणारी स्वप्नं पडतात. स्वप्नात आपण पळतो, मारामारी करतो, पण हातपाय खरोखर चालू नयेत म्हणून मेंदूचा खालचा भाग, ब्रेनस्टेम, स्नायूंना जाणारा हुकूम तेवढ्यापुरता बंद करून ठेवतो. डोळे आणि श्वासाचा पडदा एवढं चालू राहतं. हे रोज रात्री प्रत्येकाला होतं. कधीकधी जाग आधी येते आणि तो बंद केलेला हुकूम उघडायला थोडा उशीर होतो, बस. अंग अजून झोपेत, डोळे उघडे, आणि स्वप्न अर्धवट चालूच, ते समोरच्या खऱ्या खोलीवर दिसायला लागतं. छातीवर वजन का, तर त्या वेळी बरगड्यांमधले स्नायू सैल पडलेले असतात, श्वास चालू असतो पण आपण घाबरून मोठा श्वास ओढायला जातो आणि तो ओढता येत नाही, मग वाटतं कोणी दाबतंय. आणि मेंदूतला धोका ओळखणारा भाग जागा झालेला असतो, त्याला कळत नाही धोका कुठेय, तो दारातल्या सावलीचा माणूस करतो.

किती जणांना होतं? 2011 मध्ये 35 अभ्यास एकत्र करून मांडलेला हिशोब आहे, त्यात 36 हजारांवर लोक होते. सर्वसाधारण लोकांत साधारण 8 टक्के, आणि विद्यार्थ्यांत 28 टक्के जणांना आयुष्यात एकदा तरी झालेलं. म्हणजे कॉलेजच्या एका वर्गात बसलेल्यांत दहा-पंधरा जण सहज. कोणी बोलत नाही एवढंच.

मग प्रत्यक्ष त्या वेळी करायचं काय.

पहिली गोष्ट, जोर लावू नका. सगळ्यांचं पहिलं तेच होतं, पूर्ण ताकदीनं उठायला बघतात, ओरडायला बघतात, उठता येत नाही म्हणून भीती दुप्पट होते आणि जेवढी भीती तेवढं ते समोरचं रूप जवळ येतं. बालंद जलाल नावाच्या संशोधकानं 2016 मध्ये यावर एक पद्धत मांडली, ती मी वापरतो. आधी मनात नाव घ्यायचं, हे स्लीप पॅरालिसिस आहे, पुष्कळांना होतं, सुटणार आहे. मग स्वतःला सांगायचं की यात घाबरण्यासारखं काही नाही, भीतीमुळेच हे लांबतं. मग लक्ष त्या दारातल्या माणसावरून काढून एखाद्या जवळच्या, आवडत्या गोष्टीवर नेऊन तिथेच धरून ठेवायचं. मी डोळे मिटून घेतो (डोळे आपल्या ताब्यात असतात हे विसरू नका) आणि आमच्या तुळशीपुढचा दिवा आठवतो, वात, तेल, त्या वृंदावनाचा निघालेला गेरू, एकेक बारीक गोष्ट. तुम्ही नामजप करत असाल तर तो करा, प्रार्थना करत असाल तर ती. आणि चौथं म्हणजे अंग सैल सोडायचं, हलायचा प्रयत्नच करायचा नाही.

हे चौथं कठीण आहे, मला मान्य आहे. बऱ्याच जणांना उलट उपाय लागू पडतो, पायाचा अंगठा किंवा जीभ हलवायची, सगळं अंग नाही, फक्त तेवढंच. मी स्वतः एकदा अंगठा हलवून बघतो, हलला तर सुटलो, नाही हलला तर दुसऱ्यांदा झगडत नाही, सोडून देतो. श्वासाचंही तसंच, मोठा ओढायला जाऊ नका, छोटे छोटे आपोआप येतायत ते येऊ द्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवा.

पण हे सगळं त्या क्षणी आठवत नाही, म्हणून दिवसा सराव करा. दुपारी पाच मिनिटं पलंगावर पडायचं, आत्ता ते झालंय असं धरायचं, आणि चारही पायऱ्या क्रमानं मनात म्हणायच्या. मी तीनेक आठवडे रोज केलं तेव्हा कुठे पहिल्यांदा खऱ्या वेळी आठवलं, आणि त्या दिवशी तो छातीवर आलाच नाही, दारातच राहिला आणि विरला.

सुटल्यावर लगेच तसंच पुन्हा झोपू नका, झोप अनावर येत असते तरी. तसंच उताणं झोपलं की परत त्याच टप्प्यात घसरायला होतं, मला एका सकाळी असं पाठोपाठ तीनदा झालंय. उठून बसा, दिवा लावा, पाणी प्या, दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे करा आणि मग कुशीवर झोपा.

कुशीवर झोपणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. उताण्या झोपेत हे जास्त होतं. झोपेत आपण उताणे होतोच, त्यासाठी पाठीमागे लोड लावा, किंवा जुन्या टीशर्टला पाठीवर खिसा शिवून त्यात बॉल घाला, टोचला की माणूस आपोआप वळतो.

बाकी मूळ कारण बहुतेक वेळा झोपेची मोडतोड हेच असतं. कमी झोप, वेळी-अवेळी झोप, टेन्शन. माझ्या वहीत तारखा लिहिल्यायत त्या बघितल्या तर आपलं गोव्याचं सगळं वर्ष त्यात दिसतं. चवथीचे (गणेश चतुर्थीचे) दिवस, रात्री एक वाजेपर्यंत आरत्या आणि भजनं, पहाटे उठून परत तयारी, चवथ झाली की पुढच्या आठवड्यात हमखास. जत्रेला रात्रभर नाटक बघून सकाळी झोपलो की हमखास. एप्रिल-मेमध्ये उकाडा, लाइट जाते, पंखा बंद, झोप दहा वेळा मोडते, आणि त्यात उर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा सीझन. दारूचं नीट समजून घ्या कारण लोक म्हणतात पेग मारला की शांत झोप लागते. दारूनं रात्रीच्या पहिल्या भागातली आरईएम झोप दबते आणि दारू उतरली की पहाटे ती उसळून वर येते, म्हणजे नेमकं आपल्याला नको तेच. जत्रा सोडा, चवथ सोडा असं मी सांगणार नाही, मीही सोडत नाही. फक्त जागरण झालं की दुसऱ्या दिवशी लवकर झोपा आणि दोन-तीन दिवस उठायची वेळ एकच ठेवा.

शिफ्टवाल्यांनी, कॅसिनोत, हॉटेलात, हॉस्पिटलात नाइट करणाऱ्यांनी, खोली खरोखर काळोखी करा, चादर पुरत नाही, जाड पडदा लावा. नाइटच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा-कॉफी नको. घरी येताना डोळ्यांवर ऊन कमी पडेल असं बघा. आणि सुपरवायझरशी बोला की शिफ्ट सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमानं पुढे पुढे बदला, उलट नको, अंगाला ते सोपं जातं. मला हे विचारायला दोन वर्षं लागली, विचारल्यावर पुढच्याच महिन्यात झालं.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण आतून ओरडत असतो पण बाहेर फक्त बारीक कण्हल्यासारखा आवाज आणि जोराचा श्वास येतो, बाजूच्याला वाटतं स्वप्न पडलंय. त्यांना सांगा, असा आवाज आला की खांद्याला हात लावून नावानं हाक मारायची. स्पर्शानं बहुतेक वेळा लगेच सुटतं. माझी बायको आता झोपेतच हात टाकते माझ्या दंडावर. पोराबाळांनी असं काही सांगितलं तर हसू नका आणि दटावू नका, जवळ घ्या आणि समजेल एवढं समजावून सांगा.

आता दिष्ट. आई अजून मीठ-मिरच्या ओवाळते, मी बसतो तिच्यासमोर, देवळात गाऱ्हाणं घालते, घालू दे. त्यानं तिला बरं वाटतं आणि तिच्या मायेनं मलाही बरं वाटतं, भीती कमी झाली की झोपही बरी लागते. माझी रेषा पुढे आहे. कोणी घाडी किंवा भगत म्हणाला की अमक्यानं करणी केलीय, इतके पैसे आण, कोंबडं आण, औषध बंद कर, की तिथून उठायचं. आमच्या नात्यात एका मुलीला हाच त्रास होता, लग्न होऊन नवीन आलेली, परक्या घरात झोप लागत नव्हती. कोणीतरी सांगितलं तिच्या जावेनं काहीतरी केलंय. दोन चुली झाल्या, सहा वर्षं त्या दोघी एकमेकींच्या पानाला पान लावून जेवल्या नाहीत. आणि त्या पोरीला पाहिजे काय होतं, तर झोप, आणि भीती वाटते म्हणाली की जवळ बसणारं कोणीतरी.

डॉक्टरकडे कधी जायचं. वर्षातून दोन-चारदा होत असेल तर गरज पडत नाही. पण आठवड्याला होत असेल, झोपायचीच भीती बसली असेल, तर जा. दिवसा कुठेही, गाडी चालवतानासुद्धा, अनावर झोप येते आणि हसताना किंवा एकदम राग आला की गुडघे ढिले पडतात, तर नार्कोलेप्सी असू शकते, तिला औषध आहे. जोरात घोरता आणि झोपेत श्वास अडकून दचकून उठता, तर स्लीप अ‍ॅप्निया तपासून घ्या. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, काही गोळ्या आरईएम झोप दाबून धरतात आणि सोडल्या की ती उसळते. आणि पूर्ण जाग आल्यावरही तोंड वाकडं, एकच हात लुळा, बोलणं जड असं राहिलं तर ते हे नव्हे, तिथे वाट बघत बसू नका, थेट 108 ला फोन.

आधी फॅमिली डॉक्टर चालेल. नाहीतर बांबोळीला जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज आहे आणि तिथेच आयपीएचबी, मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल. आयपीएचबीचं नाव काढलं की लोक वेगळ्या नजरेनं बघतात म्हणून मी एक वर्ष गेलो नाही, आणि गेलो तेव्हा वीस मिनिटं नीट बोलून बाहेर आलो. जायला जमतच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट, कधीही. जाताना पंधरा दिवसांची वही न्या, किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, कधी झालं, उताणा होतो की कुशीवर, आदल्या दिवशी काय प्यायलो. काय दिसलं तेही सांगा, लाजू नका. मी घोंगडीवाला सांगितला तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली आणि विचारलं, "काठी होती हातात?"