ढोरांच्या रक्ताचा रिपोर्ट बिघडतो कुठे? बायोमार्कर तपासताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे पण आता लोक गाईम्हशींचं, घोड्याचं, शर्यतीच्या बैलाचं रक्त तपासून घ्यायला लागलेत, चांगलंच आहे. बायोमार्कर म्हणजे फार अवघड काही नाही, रक्तात, दुधात नाहीतर लघवीत सापडणारं एखादं प्रोटीन, एन्झाइम, किटोन किंवा जंतूचा डीएनए, ज्यावरून जनावर वरून धडधाकट दिसत असलं तरी आत काय चाललंय ते कळतं. पण जे रिपोर्ट लोक मोबाईलवर पाठवतात ना, त्यातले बरेच लॅबमध्ये पोचायच्या आधी गोठ्यातच बिघडलेले असतात, मशीन बिचारं दिलं ते मोजतं अन् छापून देतं.

माणसाची रेंज ढोराला लावणे

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तालुक्याला जनावरांची लॅब नसते म्हणून सॅम्पल जातं माणसांच्या पॅथॉलॉजीत, अन् तिथलं सॉफ्टवेअर माणसाचीच नॉर्मल रेंज छापतं. गाईची शुगर ५५ आली की समोर लाल अक्षरात 'लो', मग मालकाचा फोन, "रिपोर्टमा लाल शे, आते काय करूत?" काही नका करू भाऊ, मोठ्या गाईची शुगर साधारण ४५ ते ७५ मिलिग्रॅमच असते, रवंथ करणाऱ्या जनावराचं गाडं मुख्यतः पोटात आंबून तयार होणाऱ्या फॅटी अॅसिडवर चालतं. घोड्यात उलटा प्रकार. बिलीरुबिन २ आलं की माणसाच्या हिशोबाने कावीळ, पण निरोगी घोड्यातही तेवढं असू शकतं, आणि घोडा कुठल्याही कारणाने चारा सोडून बसला तर लिव्हर ठणठणीत असूनही अजून वर जातं. घोड्याचं कॅल्शियमही ११ ते १३ च्या घरात असतं, माणसाच्या रेंजमध्ये ते 'हाय' म्हणून येतं अन् लगेच मिनरल मिक्श्चर बंद करा म्हणून सल्ले सुरू.

आणि ते एसजीपीटी नावाचं लिव्हरचं एन्झाइम. लिव्हर बघायला माणसात, कुत्र्यात ठीक आहे, गाय-म्हैस-घोड्याच्या लिव्हरमध्ये ते एन्झाइम इतकं कमी असतं की नॉर्मल आलं म्हणून लिव्हर चांगलं असं म्हणताच येत नाही. त्याच्याऐवजी जीजीटी हे दुसरं लिव्हर एन्झाइम सांगा, कुठे होत असेल तर जीएलडीएच. तसंच सीआरपी, म्हणजे आतली सूज दाखवणारं प्रोटीन, कोरोनात ते सगळ्यांना पाठ झालं म्हणून आता गाईचं पण काढतात, पण गाईत आतली सूज कळते हॅप्टोग्लोबिन आणि सीरम अमायलॉइड ए या दुसऱ्या प्रोटीनवरून, घोड्यात सीरम अमायलॉइड ए वरून. सीआरपी कुत्र्याला चालतं, ते पण कुत्र्यासाठी बनवलेल्या किटवर.

युनिट पण बघत जा. कॅल्शियम २.३ बघून कोणी घाबरतं, ते मिलिमोल असतं, ४ ने गुणा की ९.२ मिलिग्रॅम, एकदम बरोबर.

ट्यूब कोणती, अन् रक्त काढलं कधी

जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं, रक्त गोठत नाही ते त्याच्यामुळेच. म्हणजे व्याल्यावर खाली बसलेल्या गाईचं रक्त जांभळ्या ट्यूबमध्ये दिलं तर कॅल्शियम जवळजवळ नाहीच असं येणार, गाय कशीही असो. जांभळी सीबीसीला (रक्तपेशी मोजायला), गोचीडतापाच्या स्लाइडला आणि पीसीआरला (जंतूचा डीएनए शोधायला). कॅल्शियम, फॉस्फरस, लिव्हर-किडनी यांना लाल टोपी. शुगरला करडी. हिरव्या टोपीत हेपॅरिन असतं, ते पीसीआरला आडवं येतं.

यापेक्षा मोठी चूक म्हणजे कॅल्शियमची बाटली शिरेतून गेली, सलाईन लागलं, दोन इंजेक्शनं झाली, आणि मग कोणीतरी म्हणतं आता एकदा रक्त तपासू. अहो मग त्यात तुम्ही दिलेलं औषधच मोजलं जाणार ना! आधी ५ मिली रक्त काढून बाजूला ठेवा मग बाटली लावा, रिपोर्टसाठी थांबायचं तर अजिबात नाही, ट्रीटमेंट लगेच सुरू, पण सॅम्पल आधीचं.

ऊन

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, भुसावळवाल्यांना सांगायला नको, आणि ट्यूब असते मोटरसायकलच्या डिक्कीत. ट्यूबमधल्या रक्तपेशी जिवंत असतात, त्या शुगर खात राहतात, एरवी तासाला साधारण ५ ते १० टक्के अन् उन्हात त्याहून लवकर. पेशी फुटल्या की सीरम लाल होतं, मग एएसटी, एलडीएच ही पेशीतली एन्झाइम, फॉस्फरस सगळं खोटं वाढलेलं दिसतं. रक्त काढल्यावर लाल टोपीची ट्यूब सावलीत अर्धा-पाऊण तास उभी ठेवा, नीट गोठू द्या, जवळच्या लॅबमधून सीरम वेगळं करून घ्या, मग फडक्यात गुंडाळलेल्या आइसपॅकसोबत पाठवा. ट्यूब थेट बर्फाला टेकवायची नाही आणि अख्खं रक्त फ्रीजरमध्ये तर कधीच नाही, बर्फ होऊन पेशी फुटतात. सिरींजचा दांडा जोरात ओढणं, बारीक सुई वापरणं, ट्यूब खळाखळा हलवणं, याने पण तेच होतं.

पण इथे एक खुबी आहे. व्यालेली म्हैस लाल लघवी करत असेल तर तिच्या अंगातच पेशी फुटत असतात, फॉस्फरस कमी पडल्याने म्हशीत हे होतं, तिथे सीरम लाल आलं म्हणून लॅबवाल्याने सॅम्पल फेकून दिलं तर नुकसान तिचंच. लघवीचा रंग फॉर्मवर लिहा. आणि अशा लाल सीरममध्ये फॉस्फरस नॉर्मल छापून आला तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

किटोनच्या पट्ट्यांचं पण उन्हात वाटोळं होतं. डब्यावर साठवायचं तापमान लिहिलेलं असतं, बहुतेक ३० अंशांपर्यंत, आणि आपण डबा ठेवतो गाडीच्या डॅशबोर्डवर.

किटोन मीटरचे बारकावे

माणसांचं छोटं किटोन मीटर गाईला चालतं, हा स्वस्तातला सगळ्यात कामाचा बायोमार्कर आहे असं माझं मत. व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बीएचबी, म्हणजे हे मीटर मोजतं तो किटोन, १.२ मिलिमोल किंवा त्याच्यावर गेलं की गाय आतून चरबी जाळतेय समजा, दूध अजून पडलेलं नसलं तरी. पण थेंब शेपटीच्या नाहीतर मानेच्या शिरेतला घ्या, कासेच्या शिरेतला नाही, कास बीएचबी वापरून घेते त्यामुळे तिथे आकडा कमी येतो. अन् वेळ रोज तीच ठेवा, खाल्ल्यावर चार-पाच तासांत तो वाढतो. सकाळी एकीचं, दुपारी ढेप खाल्ल्यावर दुसरीचं, अशी तुलना करून काही कळत नाही. व्यायच्या आधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत एनईएफए (अंगातली चरबी सुटून रक्तात येणारं फॅटी अॅसिड) बघणार असाल तर ते मात्र चारा टाकायच्या आधी काढायचं.

शर्यतीचे बैल, नाचाचे घोडे

२०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतीला परवानगी देणारा कायदा कायम ठेवला तेव्हापासून शर्यतीच्या बैलांकडे लक्ष वाढलंय. स्नायूला किती मार बसला हे सीके नावाचं स्नायूतलं एन्झाइम सांगतं, पण शर्यत संपल्या संपल्या रक्त काढलं तर ते अजून चढलेलंच नसतं, चढून टोकाला जायला ४ ते ६ तास लागतात, मग एक-दोन दिवसांत उतरायला लागतं. एएसटी हळू, साधारण २४ तासांनी टोकाला आणि बरेच दिवस वर राहतं. म्हणून दोन्ही सोबत काढा. सीके खूप वर अन् एएसटी थोडं, तर मार ताजा, सीके उतरलेलं अन् एएसटी अजून वर, तर जुना. आदल्या दिवशी मांडीत इंजेक्शन टोचलं असेल तर नुसत्या त्यानेही सीके वाढतं, अन् हे कोणी सांगतच नाही.

घोडा बिचकला, धरताना दंगा केला की प्लीहा आकुंचन पावते आणि साठवलेल्या लाल पेशी रक्तात ढकलते, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) एकदम फुगतं, मालक खूश की घोड्यात रक्त भरपूर. शांत उभा असताना काढा. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन तर काही मिनिटांतच वाढतं, चार जणांनी दाबून धरून काढलेलं कॉर्टिसॉल फक्त दाबून धरल्याचं असतं. त्या मायक्रोआरएनए वगैरे टेस्ट अजून संशोधनातल्याच, कोणी विकायला आला तर पैसे जपा.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणाऱ्यांसाठी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची टेस्ट महत्त्वाची, माणसाला पण होतो तो रोग. पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, एलायझा आणि सीएफटी या अँटिबॉडी टेस्ट. निगेटिव्ह कागद बघितला की लोक घोडा थेट जुन्या घोड्यांमध्ये बांधतात, पण त्या कागदावर सॅम्पलची तारीख असते, तिच्यानंतर किंवा जेमतेम आधी लागण झाली असेल तर टेस्टला ती दिसत नाही. काही आठवडे वेगळा बांधा, परत तपासा, नाकातून घाण येते का बघा.

लस आणि लम्पी

२०२२ ला महाराष्ट्रात लम्पी आला तो आधी आपल्या रावेर तालुक्यात, तेव्हापासून पीसीआर हा शब्द गोठ्यात पोचला. पण गाठी आल्यावर बऱ्याच दिवसांनी नुसतं रक्त पाठवून निगेटिव्ह आलं म्हणून लम्पी नाही असं होत नाही, रक्तात विषाणू थोडेच दिवस असतो, गाठीच्या खपलीत जास्त दिवस सापडतो. खपली पाठवा. गाभ टाकायला लावणाऱ्या ब्रुसेला जंतूचं वेगळंच, ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीला लस दिलेली असेल तर पुढे अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, लसीची नोंद नसेल तर चांगली गाय उगाच बदनाम होते. कानातल्या टॅगचा १२ आकडी नंबर फॉर्मवर टाका, नोंद त्याच्यावरच सापडते.

रक्तावरची गाभण टेस्ट रेतनानंतर २८ दिवसांनी, आणि आधीचं वेत होऊन ६० दिवस झालेले पाहिजेत, नाहीतर जुन्याच वेताचं प्रोटीन पॉझिटिव्ह दाखवतं.

आकडा विचित्र आला तर

औषध सुरू करायच्या आधी जनावराकडे जाऊन बघा, ताप, रवंथ, शेण, चाल. जनावर अन् कागद जुळत नसेल तर त्याच लॅबला, त्याच वेळेला, योग्य ट्यूबमध्ये दुसरं सॅम्पल द्या. जनावर निरोगी असतानाचा एक रिपोर्ट फाईलला असेल तर फार सोपं जातं, शर्यतीच्या बैलासाठी तर तोच खरा, कारण रोज सराव करणाऱ्या बैलाचं नॉर्मल नांगराच्या बैलासारखं नसतं. फॉर्मवर जात, वय, व्याल्याची तारीख, रक्त काढल्याची वेळ, दिलेली औषधं, लस एवढं लिहा. अन् पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवायचं असेल तर सोमवारी-मंगळवारी पाठवा, शनिवारी कुरिअरला टाकलेली ट्यूब रविवारभर गोडाऊनमध्ये तापत पडते.