भिंतीवरच्या गोधडीत कागद आणि रंग टिकवायचे असतील तर

भिंतीवर लावायच्या गोधडीत कापडासोबत कागद, रंग, केळीचा धागा, काहीही चालतं. फक्त क्रम मोडू नका: आधी रंग, मग चिकटवणं, शिलाई सगळ्यात शेवटी.

अ‍ॅक्रिलिक रंग नुसता जाड फासला की कापड कडक होतं आणि हातसुई आत शिरत नाही. रंगात फॅब्रिक मीडियम (कापडावरचा रंग मऊ ठेवणारं द्रावण) मिसळा, थर पातळ ठेवा. मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे ताटलीतला रंग बघता बघता सुकतो, तेव्हा थोडा थोडाच काढा.

खरी गोम कागदात आहे. जुनी लग्नपत्रिका घ्या नाहीतर वहीचं पान, बारीक टाके घातले की टाक्यांच्या रेषेवरच ते तिकिटासारखं फाटतं. टाका ३ ते ४ मिलिमीटरचा ठेवा. कागदावर जुळत्या रंगाची बारीक नेट, म्हणजे जाळीचं पातळ कापड, पसरा आणि मगच शिवा. चार पावलांवरून ती दिसतही नाही. नायलॉनच्या नेटवर गरम इस्त्री मात्र थेट टेकवू नका, वितळते. मध्ये सुती फडकं घाला.

रावेर-यावलकडचा केळीचा धागा मिळाला तर उत्तमच, पण तो सुईत ओवायचा हट्ट नको. तुटतो, गुंततो. वर नुसता ठेवून सुती दोऱ्याच्या आडव्या टाक्यांनी बसवा.

तळाला जुनं सुती लुगडं घालावं, सुई त्यातून सहज जाते. कच्चे टाके मधून कडेकडे घाला, नाहीतर मध्ये फुगा येतो. धुण्याचा विचार सोडा, धूळ कोरड्या ब्रशने झटकायची.