ब्रिज: डिक्लेअरर म्हणून खेळताना या चुका टाळा

२०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत) सुवर्ण जिंकलं, त्यानंतर ब्रिज शिकायला आलेले बरेच जण मी पाहिले. बहुतेकांचा जीव बोलीत, म्हणजे किती हात करणार हे सांगण्यात, आणि तिच्या ठरीव खुणांत. स्टेमन पाठ, ट्रान्सफर पाठ, ब्लॅकवुड तर कधी एकदा वापरायला मिळतो असं झालेलं. मग बोली जिंकून डिक्लेअरर होतात, म्हणजे डाव खेळायचा तो त्यांनी, डमी (भिडूची उघडी पानं) टेबलावर येते, आणि हे महाशय दोन सेकंदांत डमीचं पान मागून मोकळे. गेलेले निम्मे गेम मी याच दोन सेकंदांत गेलेले पाहिले आहेत.

पहिल्या हाताला घाई

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो.

क्लबात टीमचा सामना, आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे डाव बुडाला तर दंड जास्त). माझ्या भिडूने वन नोट्रम्प उघडला, मी थेट थ्री नोट्रम्प (हुकूम न ठेवता नऊ हात) म्हटलं. त्याची पानं: इस्पिक एक्का, ७, ३, बदाम एक्का, राजा, ८, ४, चौकट ६, २, किल्वर एक्का, राणी, ८, ५. माझी डमी: इस्पिक राजा, ४, बदाम ७, ५, २, चौकट राजा, राणी, गुलाम, १०, ५, किल्वर ९, ४, २. डावीकडून इस्पिक राणीची उतारी झाली.

माझं शेवटचं पान टेबलाला लागायच्या आत भिडू म्हणाला, "राजा." हात अर्थातच आला. मग चौकटचा राजा खेळला. उजवीकडच्या बाईंनी शांतपणे छोटं पान टाकलं. चौकटची राणी खेळल्यावर त्यांनी एक्का मारला आणि इस्पिक परत केलं. भिडूने ते एक्क्याने घेतलं, आणि तेव्हा कुठे त्याने मान वर करून डमीकडे पाहिलं. चौकटचा गुलाम, दश्शी आणि पंजी तिथे पडून होती, आणि त्यांच्यापर्यंत जायला एकही वाट उरली नव्हती. डमीला बोलायची मुभा नसते. हा नियम किती दुष्ट आहे ते त्या दिवशी कळलं.

आता हिशेब बघा. इस्पिकचे दोन, बदामाचे दोन, किल्वरचा एक, असे पाच हात रोख. नऊ हवेत, म्हणजे चार चौकटमधून यायला हवेत. बाहेरची सहा चौकट पानं समोरच्या दोघांत सहा-शून्य किंवा पाच-एक फुटली नाहीत तर ते येतात, पण समोरच्याने एक्का एकदा रोखून धरला की डमीत परत जायला एकच पान आहे: इस्पिकचा राजा. मग तो पहिल्या हाताला कशाला जाळायचा? डमीतून चौका, आपल्याकडून एक्का, आणि लगेच चौकट. नऊ हात होतात.

गंमत म्हणजे भिडूला 'रूल ऑफ सेव्हन' (समोरच्यांच्या रंगाचा हात किती वेळा सोडायचा याचा नियम) तोंडपाठ होता. दोन्हीकडची मिळून पाच पानं, सातातून पाच गेले दोन, म्हणजे दोन वेळा हात सोडायचा. त्याने हा नियम पाळला असता तरी डाव गेलाच असता: पहिला हात सोडला की पुढच्या इस्पिकला डमीचा एकटा राजा पडतोच. तो नियम रंगात एकच स्टॉपर (समोरच्यांचा रंग रोखणारं पान) असताना वापरायचा असतो, आणि तोही दुसरा काही धोका नसेल तर. पण नियम पाठ करणं सोपं, बघणं अवघड.

डाव सहा हातांवर थांबला, तीन कमी. पलीकडच्या टेबलावर (टीमच्या सामन्यात तिथेही हीच पानं असतात) हाच कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे कबूल केलेले नऊ हात, बरोबर बनला. तिकडे समोरच्या टीमला ६००, आमचे उणे ३००. फरक ९००, म्हणजे १४ इम्प (टीमच्या सामन्यातले गुण). सामना आम्ही त्याहून कमी फरकाने हरलो.

माझी सवय सांगतो. डमी खाली आली की मी हातातली पानं उलटी टेबलावर ठेवतो. पान हातात नसलं की ते टाकायची खाज सुटत नाही. मग ओळीने: रोख हात किती, कमी किती, ते कोणत्या रंगातून येणार, आणि त्या रंगापर्यंत जायची वाट कुठली. शेवटचा प्रश्न नवखे विचारतच नाहीत. समोरचे घड्याळाकडे पाहतात, पाहू देत. पहिल्या हाताला घेतलेला वेळ पुढे वाचतो.

फिनेसचं वेड

एक्का-राणी दिसली की फिनेस (राजा एक्का-राणीच्या आधी खेळणाऱ्याकडे असेल असं धरून राणी लावणं) घेतलाच पाहिजे असं कुणी सांगितलं कोण जाणे. फिनेस म्हणजे ५० टक्के. निम्म्या वेळा फसणार. फसल्यावर डाव बुडणार असेल तर आधी दुसरीकडे काही मिळतंय का ते बघा.

समजा एकच हात कमी आहे. चौकटमध्ये दोन्हीकडे मिळून आठ पानं, एक्का-राजा-गुलाम आपल्याकडे, राणी बाहेर. किल्वरमध्ये एक्का-राणी आपल्याकडे, राजा बाहेर. कुठलाही फिनेस फसला की समोरचे त्यांचा लांब रंग वाजवून मोकळे होणार. नुसता एक फिनेस घ्याल तर ५० टक्के. त्याऐवजी चौकटचा एक्का आणि राजा वाजवा. बाहेर पाच पानं असताना राणी एकटी किंवा दुकटी असण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के. पडली तर काम झालं. नाही पडली, तर हात अजून आपल्याकडेच आहे. मग किल्वरचा फिनेस घ्या. दोन्ही मिळून ६६ टक्क्यांच्या आसपास. ज्यांना चौकटचा फिनेस आधी घ्यायची हौस असते, त्यांच्या नशिबाला मी तरी हळहळत नाही.

हुकूम: काढायचे की ठेवायचे

मेंढीकोट खेळून आलेले हुकूम जपून ठेवतात आणि शेवटी समोरच्याने छोट्या हुकमाने आपला एक्का मारला की चिडतात. पुस्तक वाचून आलेले उलटे: काही न बघता तीनदा हुकूम खेळून डमीतले हुकूम संपवतात. दोघांनीही मोजलेलं नसतं.

फोर स्पेड्स (इस्पिक हुकूम, दहा हात) खेळताय, डमीत तीन इस्पिक आणि दोनच बदाम, तुमच्याकडे बदामाचा एक्का आणि दोन फालतू पानं, तर आधी बदाम. एक्का वाजवा, एक बदाम हरा, तिसरं डमीत हुकमाने मारा, हुकूम मग काढा. डमीच्या छोट्या हुकमाने मारलेला हात जादा असतो. तुमच्या लांब बाजूच्या हुकमाने मारलात तर तो हात तसाही तुमचाच होता. आणि बाहेर एकच हुकूम उरला असेल आणि तोच सगळ्यात मोठा असेल, तर त्याच्यासाठी आपले दोन हुकूम खर्च करू नका. तो हात त्यांचाच आहे, त्यांना हवा तेव्हा घेऊ देत.

बाकीच्या, थोडक्यात

कमी पानांच्या बाजूची चित्रं आधी. इकडे राजा-राणी, तिकडे एक्का-गुलाम-१० आणि खाली दोन पानं असतील तर राजा, राणी आधी वाजवा. नाहीतर रंग अडकतो.

बाहेर सहा पानं आहेत म्हणून ती तीन-तीन फुटतीलच असं नाही. तशी ती ३६ टक्केच वेळा फुटतात, चार-दोन ४८ टक्के. बाहेर पाच असतील तर तीन-दोन ६८ टक्के. एवढे तीन आकडे पुरतात. उरलेली गणितं पाठ करत बसू नका.

टीमच्या सामन्यात एका जादा हातासाठी गेम पणाला लावू नका, त्याचा एकच इम्प मिळतो. पेअर्समध्ये गोष्ट वेगळी, तिथे जादा हातावर बोर्ड (त्या डावाचा निकाल) फिरतो.

फेकलेली पानं बघा. निदान एका रंगाची तरी मोजा. चारही रंग मोजतो म्हणणाऱ्या नवख्यावर माझा विश्वास नाही.

डाव बुडाल्यावर 'डबल डमीत (चौघांची पानं बघून संगणकाने केलेल्या हिशेबात) तर बनत होता' हे सांगायला येऊ नका. त्या यंत्राला बावन्न पानं दिसतात, तुम्हाला सव्वीस दिसत होती आणि त्यातली निम्मी तुम्ही पाहिलीच नव्हती. ऑनलाइन टेबलावर 'अनडू' मागायची सवय तर पहिल्या महिन्यातच मोडा. माझ्याकडे मागितलं तर मी देत नाही. भिडूंना हे माहीत आहे, आणि तरीही मागतात.