एकाच जुन्या मशीनचं नेट गेलंय? आधी मागचा दिवा बघा

सुरुवात शेजारच्या टेबलापासून करा. तिथलंही नेट बंद असेल तर राउटर, स्विच (सगळ्या मशीनच्या केबल जिथे येतात तो डबा) किंवा बाहेरची लाइन गेली आहे, तुमच्या मशीनला हात लावायची गरज नाही. बाकी सगळ्यांचं चालू असून एकच जुना कॉम्प्युटर अडला असेल तर पुढच्या क्रमाने जा. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम हलवल्या तर नेट येतं, पण कशाने आलं ते कळत नाही आणि आठवड्याभरात पुन्हा तेच.

सीपीयूच्या मागे लॅन केबल बसते तिथे बहुतेक मशीनना दोन बारीक दिवे असतात. एक जोडणी झाल्याचं सांगतो, दुसरा डेटा ये-जा करताना लुकलुकतो. दोन्ही विझलेले असतील तर आधी विंडोजमध्ये शोधत बसू नका. केबल काढून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. जुन्या जॅकची प्लास्टिकची पट्टी तुटलेली असते, मग टेबल जरा हललं तरी जॅक सुटतो. स्विचकडचं टोकही तपासा. तरीही अंधार असेल तर चालू मशीनची केबल इथे लावा. दिवा लागला तर दोष तुमच्या केबलमध्ये किंवा स्विचच्या त्या पोर्टमध्ये आहे, नाही लागला तर लॅन कार्डात, म्हणजे मशीनमधल्या केबल जोडायच्या भागात.

जोडणी सारखी जाते-येते, तेव्हा केबलच्या आतल्या तारा आठवा. तारा आठ असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात (१, २, ३ आणि ६), गिगाबिटला आठही. खुर्चीच्या चाकाखाली किंवा उंदराच्या दाताखाली एखादी गेली की वेग पडतो किंवा जोडणी तुटत राहते. जॅक नव्याने क्रिम्प करताना (खास पकडीने तारांवर दाबून बसवताना) दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ कुणी हाताने ‘१०० फुल’ करून ठेवलं असेल तर ते ‘ऑटो’वर आणा. एका बाजूला फुल ठोकलेलं आणि स्विच ऑटोवर असला की स्विच स्वतःला हाफ (एका वेळी एकाच दिशेने डेटा) समजतो. मग दिवा लागतो, पण फाइल रखडत जाते.

केबल चांगली असून कार्ड गप्प असेल तर मशीन शटडाउन करा, पॉवर कॉर्ड भिंतीतून काढा, पॉवरचं बटण २० सेकंद दाबून धरा आणि मग कॉर्ड लावा. नुसतं रिस्टार्ट इथे पुरत नाही. मशीन बंद असतानाही लॅन चिपला स्टँडबायची वीज मिळत राहते, त्यामुळे अडकलेली चिप अडकलेलीच राहते.

दिवा लागतो पण नेट नाही? कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवा. मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आयपीकॉन्फिगपुढे स्लॅश रिलीज (/release) आणि नंतर स्लॅश रिन्यू (/renew) देऊन बघा. जुन्या ऑफिसात प्रिंटर किंवा टॅलीसाठी आयपी हाताने भरलेला असतो. राउटर बदलून पत्त्यांची सुरुवात १९२.१६८.१ची १९२.१६८.० झाली की असं मशीन एकटंच बाहेर पडतं. भरलेले आकडे पुसण्याआधी मोबाइलवर त्यांचा फोटो घ्या. पत्ता ठीक असेल तर आधी गेटवेला (राउटरच्या पत्त्याला) पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का ते तपासा, मग ८.८.८.८ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. दोन्हीकडून उत्तर येतं आणि तरी एकही साइट नावाने उघडत नाही, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) तपासा.

आता जुन्या मशीनचं खास दुखणं. पिंग होतं, पण प्रत्येक साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. लोक याला नेट गेलं म्हणतात, पण नेट सुरूच असतं. खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं दिसतं. तारीख दुरुस्त करा, सेल बदला. मात्र सेल काढण्याआधी बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या) सगळ्या पानांचे फोटो घ्या. सेटिंग मूळ पदावर गेलं आणि हार्ड डिस्क जोडण्याचा मोड एएचसीआयचा आयडीई झाला तर विंडोज सुरूच होत नाही. तारीख बरोबर असून मोजक्याच साइट अडत असतील आणि मशीन विंडोज ७चं असेल तर ब्राउझरचं वय बघा. क्रोमची १०९ ही आवृत्ती त्यावर चालणारी शेवटची.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर (विंडोजला कार्ड वापरता येण्यासाठीचं सॉफ्टवेअर) दुसऱ्या मशीनवरून पेन ड्राइव्हवर आणा. थोडा वेळ काम थांबलं की नेट जात असेल तर तिथेच ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली, वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी खूण काढा. कार्ड यादीतच नसेल तर बायोसमध्ये ऑनबोर्ड लॅन चालू आहे का ते बघा. चालू असूनही दिसत नसेल, आणि विजांच्या पावसानंतर हे झालं असेल, तर पोर्ट जळला असं धरा. मदरबोर्ड बदलायची गरज नाही. यूएसबी लॅन अडॅप्टर लावा; यूएसबी २.० पोर्टवरही १०० एमबीपीएस आरामात मिळतो. कार्डच घालायचं असेल तर दुकानात जाण्याआधी कॅबिनेट उघडून स्लॉट पीसीआय आहे की पीसीआय एक्सप्रेस ते बघून घ्या, एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही.